बुऱ्हाणपूरचे सोने आणि ऱ्हासाची कथा

मार्च २०२५ मध्ये असीरगडाच्या पायथ्याशी असलेल्या शेतांत रात्रीच्या वेळी माणसे माती उकरताना दिसू लागली. कुणाच्या हाती कुदळ, कुणाच्या हाती चाळणी. उजेड मोबाइलचा, आणि काहींजवळ धातू शोधणारी यंत्रेही. छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील 'छावा' हा चित्रपट फेब्रुवारीत प्रदर्शित झाला होता आणि मराठ्यांनी बुऱ्हाणपुरावर घातलेल्या छाप्याने त्याची सुरुवात होते. मोगलांचा खजिना अजून या मातीत आहे, अशी वदंता त्यानंतर पंचक्रोशीत पसरली. रस्त्याच्या कामात निघालेल्या मातीत नाणी सापडल्याच्या चर्चेने तिला आणखी बळ दिले. बातमी गाजल्यावर पोलीस आणि प्रशासन जागे झाले व खोदकाम थांबले.

हसून सोडून द्यावी अशीच ही हकिकत आहे. परंतु त्याच महिन्यात, १७ मार्च रोजी, औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात हिंसाचार उसळला. इतिहासाच्या एकाच आठवणीने कुणाला सोन्याची आशा लावली, तर कुणाला सूडाची. सोने शोधणाऱ्यांनी निदान शेतच खोदले.

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, तापीच्या काठी वसलेले बुऱ्हाणपूर मराठी वाचकाला परके नाही. पलीकडे जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि मुक्ताईनगर. अलीकडे तीच काळी माती आणि तीच केळीची बने. येथल्या कितीतरी घरांत मराठीच बोलली जाते. फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशाचे मुख्य शहर असलेले हे गाव १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि २००३ मध्ये स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. एका संस्कृतीचा ऱ्हास झाला व तो अमुक लोकांमुळे झाला, ही आज सर्वत्र ऐकू येणारी कथा तपासून पाहायची असेल, तर यापेक्षा उपयुक्त शहर क्वचितच सापडेल. कारण येथे ऱ्हास खरोखरच झाला आहे.

ऱ्हासकथेची घडण जगभर बहुतेक सारखीच असते. प्रथम एक सुवर्णकाळ असतो, ज्यात समाज एकजीव, पराक्रमी आणि निर्मळ असतो. मग घरभेद्यांच्या आधाराने शिरलेला परका आणि त्याने घडवलेले पतन. अखेरीस पुनरुत्थानाची हाक. आणि ही हाक बहुधा कुणाला तरी बाहेर घालवण्याचीच असते. फ्रेंच लेखक रनो कामू याने २०११ मध्ये आपल्या पुस्तकात युरोपातील मूळ प्रजेच्या जागी परकी प्रजा आणली जात असल्याचा सिद्धान्त मांडला. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एक्कावन्न जणांचे प्राण घेणाऱ्या हल्लेखोराने आपल्या जाहीरनाम्याला त्याच पुस्तकाचे नाव दिले होते.

भारताला ही कल्पना बाहेरून आणावी लागली नाही. कामूच्या शंभर वर्षे आधी, १९०९ मध्ये, वैद्यकीय सेवेतील यू. एन. मुखर्जी यांनी कलकत्त्यात हिंदू ही मरणपंथाला लागलेली जमात असल्याचे सांगणारी लेखमाला प्रसिद्ध केली. आधार होता जनगणनेच्या आकड्यांचा. आकडे खरेच होते; शतकांवर शतके तीच रेघ सरळ पुढे ओढण्याची रीत मात्र चुकीची होती. हे गणित अद्याप जिवंत आहे. १९५१ च्या जनगणनेत हिंदूंचे प्रमाण ८४.१ टक्के होते, २०११ मध्ये ते ७९.८ टक्के झाले, हे व्यासपीठांवरून आवर्जून सांगितले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मुस्लिम स्त्रियांचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४१ होता आणि २०१९-२१ मध्ये तो २.३६ वर उतरला, दोन समाजांमधील अंतर एकाहून अधिक अपत्यांवरून अर्ध्याहून कमी झाले, हे त्याच पाहणीतील वास्तव मात्र तेथे पोहोचत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. संस्कृतीच्या हानीविषयी बोलणारा प्रत्येक जण उग्र उजवा नसतो. गोव्यातील वाचकांना त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांची १९४४ ची गोमंतकीयांच्या विराष्ट्रीयीकरणावरील पुस्तिका ठाऊक आहे. तीही एका अर्थाने ऱ्हासाचीच मांडणी होती: भाषा गेली, स्वत्व गेले, मने पोर्तुगीज झाली. परंतु कुन्हांनी बोट दाखवले ते राज्यसत्तेकडे आणि मागितले ते नागरी स्वातंत्र्य. गोव्यातील एका धर्माच्या लोकांनी दुसऱ्या धर्माच्या लोकांचा हिशेब चुकता करावा, असे त्यांनी सुचवले नाही. फरक दुःखात नसतो. दोष कोणाच्या माथी मारला जातो आणि उपाय म्हणून काय मागितले जाते, यात तो असतो.

बुऱ्हाणपूरचे दुःख कोणते? चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्याने सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने हे शहर वसवले. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराच्या साम्राज्यात गेला. पुढे दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे येथेच होते. सुरतेहून आग्ऱ्याला जाणारा व्यापारी मार्ग येथून जाई. 'रहीम' या नावाने दोहे लिहिणाऱ्या अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून शहरात आणणारी कुंडी भंडाऱ्याची योजना उभी राहिली. लोक तिला 'खुनी भंडारा' म्हणतात, आणि या नावामुळे तेथे एखादी रक्तरंजित कथा शोधणाऱ्यांची निराशाच होते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला.

सतराव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए येथे आला. त्याने लिहून ठेवलेले वर्णन मोठे बोलके आहे. शहर मोठे पण बरेच पडझड झालेले, घरे बहुतेक गवताने शाकारलेली; आणि याच शहरात विणली जाणारी तलम मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड, मॉस्कोपर्यंत जाते. म्हणजे ज्या काळाला आज कुणी वैभवाचा काळ म्हणेल, त्याच काळात शहर पाहणाऱ्याला ते उतरणीला लागलेले दिसत होते, आणि त्याच वेळी त्याचे माग अर्ध्या जगाला कापड पुरवत होते. त्याआधी १६३० ते ३२ च्या भीषण दुष्काळाने गुजरात आणि दख्खन होरपळून निघाले होते. मुमताज महल १६३१ मध्ये याच शहरात बाळंतपणात वारली आणि सहा महिने तापीपलीकडच्या झैनाबादला तिचे दफन होते, ही कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. तेव्हा आसमंतात अन्नावाचून मेलेल्यांची कथा सहसा कुणी सांगत नाही.

पुढची उतरण याहून गद्य आहे. दख्खनच्या सुभ्याचे केंद्र औरंगाबादेला हलले. सुरत मागे पडली आणि मुंबई पुढे आली, तेव्हा सुरत-आग्रा मार्गाचे महत्त्वही ओसरले. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर शहर पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे, त्यानंतर इंग्रजांकडे. गिरणीच्या स्वस्त कापडाने हातमागाचा कणा मोडला. रेल्वे आली ती शहरापासून दूर लालबागेस. विसाव्या शतकात तेथेच तापी मिल उभी राहिली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील इतर गिरण्यांबरोबर तिचीही चाके २०२० च्या टाळेबंदीत थांबली. जवळच्या नेपानगरात देशातला पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना आहे. तेथील उत्पादन अनेक वर्षे बंद राहून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. यंत्रमागांवर बसणारे बहुसंख्य मुस्लिम विणकर आणि केळीचा भाव पडला की हवालदिल होणारे बहुसंख्य हिंदू शेतकरी यांच्या तक्रारी ऐकल्या, तर त्यांत धर्म शोधूनही सापडत नाही: वीज, सूत, मजुरी, व्यापाऱ्याची पट्टी, वादळ. ऱ्हासकथा नेमकी हीच खरी हानी उचलते आणि तिची कारणे तेवढी बदलते.

असे रूपांतर किती जुने आहे, याचा पुरावा ज्या छाप्याने लोकांना कुदळी घ्यायला लावल्या त्याच प्रसंगात आहे. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजा बुऱ्हाणपुराबाहेरच्या बहादुरपुऱ्यावर अचानक चालून आल्या. सराफांच्या पेढ्या, व्यापाऱ्यांची कोठारे, सारे लुटले गेले. पराक्रम म्हणून मराठी मन ते आठवते, आणि दोन वर्षांपूर्वी जिझिया पुन्हा लादणाऱ्या बादशहाच्या श्रीमंत ठाण्यावरचा तो घाव होता, हेही खरे. लुटल्या गेलेल्यांच्या बाजूने काय घडले ते खाफी खान सांगतो. शहरातील प्रतिष्ठितांनी औरंगजेबाकडे तक्रार धाडली: काफिरांची सरशी झाली, आमची अब्रू आणि मालमत्ता गेली, शुक्रवारची सार्वजनिक नमाज बंद पडली. पेढी लुटली गेल्याचे दुःख बादशहापुढे गेले ते धर्म बुडाल्याचे दुःख होऊन. तक्रारीचा परिणाम झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरास येऊन दाखल झाला आणि पुन्हा कधी उत्तरेकडे परतला नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत दख्खन उद्ध्वस्त झाले, आणि साम्राज्यही.

ऱ्हासाची भाषा कोणत्याही एका धर्माची मिरास नाही, हे यावरून कळते. ज्याचे काही हरवले आहे आणि ज्याला सत्तेचे लक्ष वेधायचे आहे, त्या प्रत्येकाला ती हाताशी सापडते.

या भाषेला संघटितपणे उत्तर देण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्यांची परंपरा मराठीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज होलिओक याने १८५१ मध्ये ज्या विचाराला नाव दिले आणि चार्ल्स ब्रॅडलॉ याने १८६६ मध्ये ज्याची राष्ट्रीय संघटना बांधली, त्याला मराठीने तीन-चार प्रतिशब्द दिले. त्या शब्दांतच मराठी समाजाचा गोंधळ साठलेला आहे. 'निधर्मी' म्हणजे धर्म नसलेला, 'सर्वधर्मसमभाव' म्हणजे सगळे धर्म सारखेच वंदनीय, 'धर्मनिरपेक्ष' म्हणजे राज्यकारभारात धर्म न पाहणारा, आणि 'इहवादी' म्हणजे परलोकाऐवजी या लोकीचे प्रश्न मोजणारा. चौथा शब्द सर्वांत नेमका, आणि सर्वांत कमी वापरला गेलेला. १८८८ मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांपासून एम. एन. रॉय यांच्या नवमानवतावादापर्यंत आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यापर्यंत या शब्दामागची वाट जाते.

तिला संघटनेचे रूप देणाऱ्यांत हमीद दलवाई यांचे नाव अग्रभागी येते. चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ मध्ये जन्मलेल्या या कथालेखकाने एप्रिल १९६६ मध्ये तोंडी तलाक व बहुपत्नीत्वाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. पुढे अ. भि. शहा यांच्यासमवेत त्यांनी इंडियन सेक्युलर सोसायटी उभारली, आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नावातला 'सत्यशोधक' हा शब्द जोतीराव फुल्यांचा, आणि तो जाणूनबुजून घेतलेला. दलवाई १९७७ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी वारले. मुस्लिम राजकारणावरील त्यांची परखड टीका उजव्या व्यासपीठांवरून आजही उद्धृत होते. हिंदू पुनरुज्जीवनवाद्यांवरची तितकीच परखड टीका मात्र त्या पानांवरून वगळली जाते. दुसऱ्या बाजूने, आपले म्हणणे विरोधकांच्या उपयोगी पडेल या धास्तीने अनेक पुरोगाम्यांनी दलवाईंचे नाव घेणेच टाळले. इंदूरच्या शाहबानो यांच्या पोटगीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तो निष्प्रभ केला, तेव्हा या मौनाची किंमत कळली. ज्यांना इहवाद नको होता, त्यांना 'हा सारा अनुनयच' असे म्हणण्यासाठी आयते उदाहरण मिळाले. समान नागरी कायदा व्यवहारात पाळणाऱ्या गोव्यातल्या वाचकाला हा वाद दूरचा वाटत असेल. उर्वरित देशात मात्र त्याने चाळीस वर्षे राजकारण पोसले.

केवळ बुद्धिप्रामाण्य पुरेसे नसते, हेही मराठी समाजाने पाहिले आहे. विज्ञाननिष्ठ निबंध लिहिणारे, गोपालन सांगताना गोपूजन नाकारणारे विनायक दामोदर सावरकर आणि 'सहा सोनेरी पाने' मध्ये शत्रूशी सौजन्याने वागण्याला 'सद्गुणविकृती' ठरवणारे सावरकर एकच होते. देवाधर्माची चिकित्सा करणारी बुद्धी राष्ट्राच्या सुवर्णकाळापुढे हात जोडून उभी राहू शकते. युरोपातही काही अतिउजवे पक्ष इहवादाचीच भाषा वापरून स्थलांतरितांच्या डोक्यावरचा रुमाल मोजत बसतात.

१९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वेगळी पद्धत घेतली. देव आहे की नाही, हा वाद त्यांनी बाजूला ठेवला. बुवाच्या दाव्याची चाचणी घ्यायची, भानामतीच्या गावात जाऊन माणसांशी बोलायचे, फसवणूक आढळली तर कायद्याकडे जायचे. हे मोजकेच काम, पण सातत्याने. तरीही त्यांना धर्मबुडवे ठरवण्यात आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. मे २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडले. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले. त्याचा वटहुकूम त्यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच निघाला.

ऱ्हासकथेला उत्तर देताना या चळवळीतली, आणि तिच्याबाहेरच्या सद्भावी मंडळींचीही, एक सवय अडचणीची ठरली आहे. सुवर्णकाळाच्या कथेला ते सलोख्याची कथा देतात. बुऱ्हाणपूरची जामा मशीद हे अशा वेळी ठरलेले उदाहरण. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. विक्रम संवत १६४६, शके १५११, तिथी, नक्षत्र, फारुकी राजांची वंशावळ आणि आपल्या धर्माच्या पालनासाठी ही 'मसीति' बांधल्याचा निर्देश, हे सारे शुद्ध पंचांगाच्या रीतीने त्यात कोरले आहे. इसवी सनाच्या हिशेबाने ही तारीख जानेवारी १५९० मध्ये पडते. छायाचित्रात तो सुंदर दिसतो आणि लगेच त्याखाली एकोप्याची ओळ लिहिली जाते.

परंतु ज्या शहरात हा लेख आहे तेथेच १६८१ ची लूट झाली, आणि ती तक्रारही लिहिली गेली. सलोख्याचे चित्र हाती देऊन कुणाला निरुत्तर करता येत नाही. समोरचा दुसरे चित्र काढतो, आणि तेही खोटे नसते. शिलालेखाकडे पाहण्याची इहवादी रीत याहून साधी आहे. तो कोणी कोरला, कुणासाठी, कोणत्या भाषेत दरबाराची नोंद ठेवली जाई, ज्योतिषी कोणाच्या पदरी होते? सोळाव्या शतकातील राजाला आपली मशीद नीट मुहूर्ताने नोंदवावीशी वाटली, यात त्याची सहिष्णुता असेल वा नसेल. व्यापारी, लेखनिक आणि पंडित यांच्यावाचून त्याचे राज्य चालत नव्हते, एवढे मात्र त्यातून नक्की कळते. उत्तर इतके कोरडे असल्यामुळेच त्यावर मोर्चा निघत नाही.

कोरडेपणाचे असेच एक उदाहरण जुलै २०२४ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयात घडले. बुऱ्हाणपुरातील शाह शुजाची म्हणून ओळखली जाणारी कबर, नादिर शाहची कबर आणि बीबी साहिबाची मशीद या वास्तू आपल्या असल्याचा वक्फ मंडळाचा दावा न्यायालयाने फेटाळला. १९०४ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित झालेल्या वास्तू नंतरच्या अधिसूचनेने वक्फ ठरत नाहीत, असा त्याचा आशय. पुरातत्त्व खाते आणि एक वैधानिक मंडळ यांच्यातला हा मालकीचा वाद कायद्याच्या कलमांनी सुटला. बाहेर तो एका धर्माने दुसऱ्याची जमीन बळकावण्याचा पुरावा म्हणून फिरला. दोन्ही पक्ष शासनानेच निर्माण केलेले होते, हा तपशील वाटेत गळाला.

याच जिल्ह्यातल्या मोहद गावाला मात्र ऱ्हासकथेची झळ अधिक थेट बसली. १८ जून २०१७ रोजी क्रिकेटच्या चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरवले. गावातल्या मुस्लिम तरुणांनी फटाके फोडले, घोषणा दिल्या, अशी फिर्याद नोंदली गेली आणि पंधराहून अधिक जणांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. येथे कुणाचा सुवर्णकाळ सांगावा लागला नाही. घरभेदी शेजारी हे कथेतले पात्र तेवढे पुरेसे होते. राजद्रोहाचे कलम पोलिसांनी लवकरच मागे घेतले, दोन समाजांत तेढ पसरवल्याचे कलम लावले आणि खटला सुरू राहिला.

ज्याच्या नावाने फिर्याद होती तो गावातलाच हिंदू शेजारी होता. आपण अशी तक्रार दिलीच नव्हती, असे तो पहिल्यापासून सांगत होता. पुढे न्यायालयात हिंदू साक्षीदारांनीही घोषणा आणि फटाक्यांची गोष्ट नाकारली. या माणसांनी सलोख्यावर भाषण केले नाही. काय पाहिले आणि काय पाहिले नाही, एवढेच सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्या सामन्याला तोवर सहा वर्षे उलटली होती. आरोपींपैकी एकाने खटला चालू असतानाच, २०१९ मध्ये आत्महत्या केली होती.